मऊ बांगडे

पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची, असं गुणाजीने तेहतिसाव्या वर्षीच मनात घेतलं आणि त्याच्या बायकोच्या, प्रेमाच्या नाकाची वाट लागली. पैसे साठावेत म्हणून हा फिटर माणूस कंपनीतून सुटला की अंधेरीचा मासळीबाजार उठायची वाट बघत बसायचा. कोळणीने टाकून द्यायला काढलेले, पोट फुटलेले बांगडे तो रुपयाला वाटा घेऊन यायचा. बारा वर्षं प्रेमाने ती घाण नाक दाबून धुतली आणि चिंच-तिरफळांत बुडवली. "खायचे दिवस पुढे आहेत गं," हे त्याचं रोजचं.

सत्त्याऐंशीच्या मार्चअखेरीस त्याने एकदाची नोकरी सोडली. त्या संध्याकाळी प्रेमा पापलेटांसाठी वाटण वाटून बसली होती. गुणाजीच्या आधी तो सडका वास दारात आला.

"अहो, आज तरी!"

"आता पगार बंद झाला, प्रेमा. आता तर जपूनच खायला हवं."

तिने पिशवी हिसकावून गॅलरीतल्या मांजरापुढे रिकामी केली. मांजराने वास घेतला, तोंड फिरवलं आणि निघून गेलं.

गुणाजीचा चेहरा खुलला.

"बघ," एकेक बांगडा परत पिशवीत भरत तो म्हणाला, "मांजरसुद्धा काटकसर शिकलं."