धडधाकट रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘मास्तरीण’ म्हणत. स्वभाव कडक. चूक नेहमी दुसऱ्याची, असं तिचं साधं गणित, आणि मेलं ते बहुतेक वेळा बरोबरही यायचं.

त्या दिवशी तपासणीला एका कॉलेजच्या मुलीचं रक्त आलं होतं. तिला दुसऱ्यांदा मेंदूज्वर झाला होता. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. जंतू दिसला की ती एकामागून एक जागी होतात आणि शेवटी त्याच्या अंगाला भोक पाडतात; ती कमी पडली की मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होतो. ती कामाची आहेत का, हे मेंढीच्या तांबड्या पेशींवर बघायचं. पेशी फुटून नळी लालभडक झाली तर ठीक, तळाशी तशाच बसल्या तर घात. तपासणी चुकली नाही हे कळावं म्हणून शेजारी एका धडधाकट माणसाचंही रक्त लावायचं. नेहमीचा सहकारी रजेवर होता, म्हणून मास्तरणीने स्वतःचंच काढलं. तिच्याहून धडधाकट कोण? आई जन्मभर दादाला ऐकवत आली होती, “बहिणीकडे बघ, तिला कधी साधी शिंक तरी येते का?”

मुलीच्या नळीत पेशी तळाशी बसल्या. मास्तरणीच्याही.

“बर्फातून बाहेर कोणी काढून ठेवलं होतं हे?” ती कडाडली. ही प्रथिनं नाजूक, जरा ऊब लागली की गेली. नमुने घेऊन आलेल्या ड्रायव्हरलाच तिने खुर्चीत बसवलं, त्याचं रक्त काढलं, आपलंही पुन्हा काढलं, आणि दोन्ही एकाच बर्फात ठेवली.

ड्रायव्हरची नळी लाल झाली. “पास झालो की मॅडम!” तो हसला. तिची नळी जशीच्या तशी.

ती मटकन स्टुलावर बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्वतःची भीती वाटायलाही सवड मिळाली नाही, कारण आठवला तो दादा. एकाच आईबापाची लेकरं. दादाला शाळेत असताना मेंदूज्वर झाला, कॉलेजात पुन्हा झाला, आणि त्या दुसऱ्या खेपेने त्याचे कान नेले. आई म्हणायची, सारखा पाण्यात डुंबतो, मग होणारच. आज सकाळीच त्याचा मेसेज आला होता, ताप आहे, डोकं फुटतंय. तिने उलट लिहिलं होतं, ‘सध्या सगळ्यांनाच आहे. झोप काढ.’

तिने वहिनीला फोन लावला.

“झोपलेत हो. तुम्हीच सांगितलंत ना, वन्सं?”

“उठवा त्याला! हनुवटी छातीला टेकते का बघा.”

पलीकडे खाट करकरली. दादा कण्हला. “वन्सं, मानच वाकत नाहीये हो! आणि पायांवर हे लाल ठिपके कसले?”

“आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. दारातच सांगा, मेंदूज्वर, तिसऱ्यांदा. मी निघाले.”

ती पोचली तेव्हा दादाला सलाईनमधून औषध सुरू झालं होतं. त्याने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला रडूच फुटलं.

“वेळेवर आणलंत,” डॉक्टर म्हणाले. “तिसऱ्यांदा म्हणजे रक्तातच दोष असणार, तो भावंडांतही असू शकतो. असला तर लस घ्यावी लागते. यांना कोणी आहे?”

“एक बहीण आहे, ह्याच,” वहिनी म्हणाली. “पण ह्यांची काळजी नको. ह्या एकदम ठणठणीत.”

मास्तरणीने डोळे पुसले आणि बाही वर केली.