गुलाबी ओळी

ऑफिसात सगळे तिला अजून धाकटी म्हणत, तिची स्वतःची लेक कॉलेजात जात असली तरी. लोकांची गुंतवणूक सांभाळणारं चार खुर्च्यांचं ऑफिस ते. अकराशे ग्राहकांची माहिती एक्सेलमधून नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

रिटायर होताना हेडक्लार्क काकांनी तिला बजावलं होतं, "गुलाबी रंगाच्या ओळी जप हो. त्या लोकांच्या घरी कागदाचा कपटासुद्धा जाता कामा नये." अशा सोळा ओळी होत्या. आता सॉफ्टवेअर नावं घेतं, पत्ते घेतं, आकडे घेतं. रंग घेत नाही. हे तिच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं. सोळा ठिकाणी खूण करायला अर्धा तास पुरला असता. पण शुक्रवारपर्यंत काम उरकलं तर शनिवारी सुट्टी, असं साहेब बोलून बसले होते. नंतर बघू म्हणत तिनं कानाडोळा केला आणि शनिवारी दुपारपर्यंत ताणून दिली. सोमवारी सॉफ्टवेअरनं आपण होऊन सगळ्यांच्या घरी स्वागताचं पत्र धाडलं, शिलकीच्या आकड्यासकट.

पुढच्या सोमवारी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. गुलाबी ओळींतली तिसरी ओळ त्यांची. बारा वर्षं नवऱ्याच्या नकळत त्या लेकीच्या शिक्षणासाठी पैसे साठवत होत्या.

"सगळे काढायचेत," त्या म्हणाल्या. "हे खाली गाडीवर थांबलेत. यांना अगदी आकड्यानिशी कळलंय."

धाकटीनं विचारलं, "कसं कळलं, म्हणाले का?"

"ते कशाला सांगतील? घरात एका लेकीलाच माहीत होतं. तिनंच तोंड उघडलं असणार. चार दिवस बोलत नाहीये मी तिच्याशी."

काचेपलीकडून साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. धाकटीनं मुकाट्यानं फॉर्म काढला. सॉफ्टवेअरच तसलं, ती मनाशी म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं तर अंगण नवंकोरं! तिची तिलाच लाज वाटली. बाईंनी पेन उचललं तेव्हा तिनं फॉर्मवर हात ठेवला.

"लेक नाही बोलली, बाई. आमच्याकडून पत्र गेलंय तुमच्या घरी. पाठवायचं नाही हे मला माहीत होतं. आळस केला मी."

साहेबांची खुर्ची करकरली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आई, तुझी शपथ, असं म्हणत होती ती," त्या हळूच म्हणाल्या. "तरी मारलं मी तिला."