आधी आपला गाल

दाढीवाल्याकडे दाढी करायला जायचं, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण त्या रस्त्यावर सगळे तसंच म्हणत. दुकानाला पाटी होती, पाटीवर नाव होतं, फक्त ते वाचायची वेळ कोणावर आली नव्हती. मालकाची दाढी छातीपर्यंत आलेली, काळीभोर, आणि हा गृहस्थ दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या उतरवत उभा. "स्वतःची राखतोस आणि आमची काढतोस, हा कुठला न्याय?" असं मास्तर प्रत्येक खेपेला विचारत आणि विनोद आजच सुचल्यासारखे हसत. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांना घाई कशाचीच नव्हती.

दुकान मूळ वडिलांचं. समोरच्या दुकानात पातं बदलायचे वस्तरे केव्हाच आले होते. गिऱ्हाईक उठलं की पातं टाकून द्यायचं, धारेची कटकटच नाही. दाढीवाल्याकडे मात्र अजून अख्खा पोलादी वस्तरा होता. दगडावर धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा आणि मग गालाला लावायचा. त्या वस्तऱ्यासाठीच लोक रस्ता ओलांडून इकडे येत.

वडिलांच्या काळात दुकानाचा एक नियम होता. सकाळी धार लावलेला वस्तरा आधी आपल्या गालावर फिरवायचा, मग गिऱ्हाइकाच्या. मुलाला मिसरूड फुटल्यापासून ते रोज त्याला आरशासमोर उभं करत. धार त्याने लावायची आणि त्याच धारेने स्वतःची दाढी करायची. धार बिघडलेली असली की दिवसभर गाल भगभगत राही.

"कसं वाटतंय?" वडील विचारत.

"जळतंय."

"मग गिऱ्हाइकाला काय गार वाटणार?"

संपलं शिक्षण. यापुढे एक अक्षर नाही. मुलाला हा निव्वळ छळ वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा होताही. पुढे वडिलांचे हात कापायला लागले, दुकान मुलाकडे आलं, आणि मालक झाल्यावर मुलाने पहिलं काम काय केलं, तर दाढी वाढवली. वडील काही बोलले नाहीत. ते एरवीही कशावर काही बोलत नसत. अशा माणसाबरोबर भांडताही येत नाही, ही घरच्यांची जुनी अडचण होती.

दुसरं काम त्याने केलं ते दगडाचं. वस्तऱ्याला एका दगडाने भागत नाही. आधी खरखरीत लागतो, मग मऊ, आणि सगळ्यात शेवटी एक असा, की त्यावर बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यागत घसरावं. आधीचे दगड धार आणतात; हा शेवटचा तिचा स्वभाव ठरवतो. वडिलांचा शेवटचा दगड करडा-हिरवट होता, चपटा, साबणाच्या वडीएवढा. त्यावर दाढीच्या साबणाचा फेस घालून वस्तरा हलक्या हाताने फिरवत बसायचं, शेजारचा चहा गार होईपर्यंत. मुलाला एवढी बैठक जमेना. त्याने कारखान्यात बनलेला पांढराशुभ्र दगड मागवला. तो मखमली अस्तराच्या लाकडी पेटीतून आला. "माझ्या दागिन्यांना कधी अशी पेटी आणली नाहीत," असं बायको म्हणाली. पण दागिनेही फारसे आणलेले नसल्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

नव्या दगडावर चार हात मारले की वस्तरा लखलखायला लागे. डोक्याचा एक केस घेऊन वरून धारेवर सोडला की त्याचे दोन तुकडे. हा खेळ बघायला लोक दारात थांबत, मास्तरांनी तर एकदा टाळ्या वाजवल्या. जुना दगड काही दिवस फळीवर धूळ खात पडला. मग गिऱ्हाइकांच्या बाकड्याचा भिंतीकडचा एक पाय झिजला, बाकडं डुगडुगायला लागलं, आणि दगड नेमका त्या मापाचा निघाला. दाढीवाल्याने तो फडक्यात गुंडाळून पायाखाली सारला. बाहेरून बघणाऱ्याला फडकंच दिसे.

एक गोष्ट मात्र बदलली होती. वडिलांच्या खुर्चीत गिऱ्हाइकं झोपत. चक्क घोरत, खांदा हलवून उठवावी लागत. दाढीवाल्याच्या खुर्चीत कोणाचा डोळा लागत नसे. आपल्या गप्पा रंगतात, असा त्याने त्याचा अर्थ लावला होता.

वडील एक दिवसाआड दुकानात येत. मालकाचा बाप म्हणून मध्ये घुसत नसत. बाकड्याच्या भिंतीकडच्या टोकाला आपला नंबर येईपर्यंत बसत. मग खुर्चीत येत आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरत. ते हातांच्या कापऱ्यामुळे असेल, असं मुलाला वाटे.

"कसं वाटतंय, बाबा?"

"छान लागलाय वस्तरा."

आणि एका आठवड्यात ते यायचेच बंद झाले. ताप असला तरी दाढी करून मग अंथरुणावर आडवा होणारा हा माणूस, आणि त्याच्या गालावर चांगले पांढरे खुंट आले. जेवताना मुलाने विचारलं, "बाबा, दुकानात दिसला नाहीत?"

"म्हटलं, आपणही वाढवून बघावी. तुला शोभते की."

मुलगा हसला. बायको हसली नाही. वडील हात धुवून आत गेले, तशी ती शिवणयंत्रावर बसली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही, की कळून घ्यायचं नाही?"

"काय कळायचंय?"

"दाढी करून आले की ओला टॉवेल गालाला लावून बसतात. तासभर. मी विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं. पाऊस पडत होता तेव्हा."

"पण मला तर म्हणतात छान लागलाय!"

"तुम्हाला दुसरं काय म्हणणार? त्यांची कातडी आता किती पातळ झालीय, बघितलीत का जवळून?"

"खुर्चीत जवळूनच तर बघतो. आणि धारेचं म्हणशील, तर अशी धार शोधून सापडायची नाही. केस नुसता वरून सोडला ना—"

"केसाला दुखतं का?"

तिने दोरा दातांनी तोडला.

"मी काही शिवलं की उलटं करून आधी स्वतःच्या मानेला घासून बघते, टाका टोचतो का. तुम्ही तुमचा वस्तरा स्वतःला शेवटचा कधी लावलात?"

त्याने गाल चाचपायला हात नेला, तर हाताला गाल लागेना, नुसती दाढी. नंतर अंथरुणावर पडल्यावर त्याला सगळं नीट उमगलं, आणि ते उमगणं काही सुखाचं नव्हतं. वडिलांना समोरच्या दुकानात जाता आलं असतं; पण सगळा रस्ता बघणार, मालकाचा बाप पलीकडे जातो म्हणून. मुलाला सांगता आलं असतं. पण मुलगा विचारायचा आणि लगेच उत्तर गृहीत धरायचा. राहिला तिसरा मार्ग, तो त्यांनी धरला होता. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि वडील पुन्हा आपल्या खुर्चीत बसतील की नाही याची भीतीही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्याने दुकान अर्धवट उघडलं. बाकडं एका हाताने उचलून धरलं आणि गुडघ्यावर बसून दगड ओढून काढला. फडकं कुजलं होतं. दगडाला पायाचा वण पडला होता, जमिनीकडच्या बाजूला ओरखडे होते. खरखरीत दगडावर पाणी घालून त्याने तो सपाट होईपर्यंत घासला, मग मऊ दगडावर. मनगटं भरून आली. मग आरशासमोर बसून त्याने कात्री घेतली आणि दाढी कापली. मांडीवर एवढा ढीग पडला की त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

दोन सारखे वस्तरे काढले. एक पांढऱ्या दगडावर फिरवला, दुसरा जुन्यावर. पांढऱ्याचा डाव्या गालाला लावला. केस कधी गेले कळलंही नाही, आणि "आहे की नाही!" असं तो आरशातल्या माणसाला म्हणालासुद्धा. मग पाण्याचा हात फिरवला, आणि गालाला मीठ चोळल्यागत झालं. वस्तऱ्याने केसाबरोबर कातडीही सोलली होती. ही आग थांबेना. अशी आग त्याने गिऱ्हाइकांच्या गालांना रोज लावली होती आणि वर गप्पा मारल्या होत्या.

जुन्या दगडाचा वस्तरा उजव्या गालाला. तो अडखळला, ओढला, जबड्यापाशी तर दोनदा फिरवावा लागला. पण पाणी लावलं तेव्हा गाल गार होता. म्हणजे एक कापतो पण जाळतो, दुसरा जाळत नाही पण ओढतो. दोघांतला एक कोणीतरी सरळ जिंकला असता तर बरं झालं असतं. गाल दोनच होते, ते वापरून झाले होते. हनुवटी तेवढी शिल्लक होती.

तेवढ्यात दारातून वाकून मास्तर आत आले. "मालक नाहीत का हो?"

"मीच मालक."

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अरे! म्हणजे तुला हनुवटी आहे तर!" आणि पुढचा विनोद सुचेना म्हणून ते बाकड्यावर टेकायला गेले. बाकडं कलंडलं, ते भिंतीला धरून कसेबसे सावरले आणि "उद्या येतो" म्हणून निघून गेले.

दाढीवाल्याने पांढऱ्या दगडावरचाच वस्तरा घेतला, जुन्या दगडावर फेस घातला आणि तो त्यावर फिरवायला सुरुवात केली. अगदी हलका हात, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाचा. शेजारी चहा ठेवला होता. तो गार झाला, वर साय धरली, तरी तो फिरवतच राहिला. मग पट्ट्यावर परजून वस्तरा हनुवटीला लावला. वस्तरा पुढे गेला आणि हनुवटी गुळगुळीत मागे राहिली, एवढंच त्याला समजलं. पाणी लावून तो आगीची वाट बघत बसला. ती आली नाही.

घरी गेल्यावर बायकोने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "डावा गाल लाल झालाय," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. वडील खिडकीपाशी बसले होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांनी मुलाचा उघडा चेहरा त्यांना दिसत होता. त्यांनी आधी एक गाल पाहिला, मग दुसरा.

"जळतंय?"

"डावा."

वडिलांनी मान हलवली.

"बाबा, उद्या दुकानात याल?" हे विचारताना त्याचा आवाज मिसरूड फुटलेल्या पोरासारखा झाला.

"बघू," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान लवकर उघडलं. बाकड्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली आणि वरून पूर्वीसारखंच फडकं गुंडाळलं. दगड धुऊन, पुसून पांढऱ्याच्या मखमली पेटीत ठेवला. वडील आले. बाकड्याच्या भिंतीकडच्या टोकाला बसले, मागाहून आलेले मास्तर त्यांच्या शेजारी टेकले. वडील आपला नंबर येईपर्यंत थांबले आणि मग खुर्चीत आले. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

मुलाने गरम टॉवेलने खुंट भिजवले, फेस चोळला, वस्तरा कानापासून खाली आणला. या वेळी त्याने काही विचारलं नाही. गप्पाही मारल्या नाहीत. पहिला गाल झाला तेव्हा वडिलांच्या डाव्या हाताची बोटं सैल झाली होती. दुसऱ्या गालावर अर्ध्यात आला तेव्हा उजवा हात मांडीवर घरंगळला. हनुवटीपाशी ते घोरायला लागले.

"मालक, माझा नंबर," मास्तर म्हणाले.

दाढीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. दारात आणखी दोघं येऊन उभे राहिले, तेही थांबले. बऱ्याच वेळाने त्याने वडिलांचा खांदा हलवला.

वडील उठले. उलट्या हाताने दोन्ही गाल चाचपून पाहिले आणि काठी घेऊन दाराकडे निघाले. बाकड्यापाशी मात्र थांबले, आणि काठीच्या टोकाने ते फडकं हळूच ढोसलं.

"पुठ्ठा टिकायचा नाही इथे," ते म्हणाले. "लाकडाचा तुकडा लाव एखादा. दगडाची सवय झालीय बाकड्याला."

आणि रस्त्यावर उतरून सावकाश घराकडे चालायला लागले. दाढीवाला वस्तरा हातात धरून दारात उभा राहिला. इतकी वर्षं ते त्याच टोकाला बसत होते, तो दगड पायाशी घेऊन, आणि मग खुर्चीत येऊन छान लागलाय म्हणत होते.