लाल फडक्याखालची सशीण

पद्माबाईच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चिटगुप्प्याहून दोन टमटम भरून माणसं आली होती. बसवकल्याणचा एक कापडवाला तर सहकुटुंब जीप करून आला होता. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. भिंतीशी एक लाकडी पेटी, पेटीवर लाल फडकं, फडक्यावर दोऱ्याचे सात वेढे. आत सशाची सहा तान्ही पिल्लं. आणि चार हात लांब, वेगळ्या पिंजऱ्यात त्यांची आई, पांढरी सशीण, आपला काही संबंधच नाही अशा थाटात गवत कुरतडत बसलेली.

"बगा, बगा!" कृपाअप्पा गरजला. "आई तिकडं, लेकरं हिकडं! दोरा सुटत न्हाई, गाठ हलत न्हाई. मंग लेकरांची प्वाटं कोन भरायलाय? बोला!"

"अप्पाऽऽ!"

"मी न्हाई रे येड्यांनो, वरचा! मी निस्ता त्याचा तांब्या."

हा तांब्या मूळचा तिप्पण्णा. कुठला, कुणाचा, कुणी विचारलं नव्हतं. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगावर भगवी लुंगी आणि मनगटाला घड्याळ. देवाशी बोलता बोलता मधेच वेळ बघायचा. देवालाही वेळ दिलेली असावी!

रोज सकाळी तो दोरा सोडी, सशिणीला उचलून पेटीत ठेवी आणि वर फडकं टाकी. याला म्हणायचं 'मायलेकरांची भेट'. सगळ्यांनी डोळे मिटून आरती म्हणायची. आरती संपली, की सशीण बाहेर आणि अप्पाच्या तळहातावर एकेक पिल्लू, पोट टम्म फुगलेलं. लोक गालावर मारून घ्यायचे.

भेटीत काही होत असेल, अशी शंका वाडीतल्या कुणाला आली नाही, कारण वाडी पिढीजात मेंढपाळांची. जाणता बिराप्पा मिशीवर हात फिरवून म्हणे, "कोकरू दिसातून धा येळा आचळाला लागतंय. पाच मिन्टांत कुनाचं प्वाट भरतंय? ही देवाचीच करनी." सशाला मेंढराच्या मापानं मोजलं, तिथंच सगळे फसले.

आणि सगळ्यांत आधी फसली पद्माबाई. मुलगा योगीराज हैदराबादला इमारतींच्या कामावर. त्यानं तिकडून सशांची जोडी आणून दिली नि परत गेला. सशीण व्याली तेव्हा तिनं स्वतःच्याच छातीची लव उपटली आणि पिल्लांवर पसरून जी लांब जाऊन बसली, ती जवळ येईना. पद्माबाईनं कोकराला न पाजणाऱ्या मेंढीला धरतात तशी तिला धरून पिल्लांवर दाबली, तर सशिणीनं लाथा झाडल्या. अंगाची लोकर उपटते, लेकराला पाजत नाही; ही बाधा नाही तर काय? मग गावोगाव फिरणारा तिप्पण्णा दारात आला आणि बाधेचा चमत्कार झाला.

तो एवढ्यावर थांबता तर हसून सोडून दिलं असतं हो. पण पद्माबाईच्या घरात आणखी एक तान्हं होतं. सून मंगलची दोन महिन्यांची रेवू. अंगानं बारीक, सारखी किरकिरी.

"आईच्या दुधात दोष हाय," तिप्पण्णानं निदान केलं. "सशिणीकडून शिक बाय. दिसाला पाच मिन्टं भेट. बाकी माज्या अंगाऱ्याचं पानी."

मंगल रडली. "आत्याबाई, छाती दगडावानी झालीया. पोरगी टाहो फोडायलीय. घिऊ का पदराखाली?"

"न्हाई म्हन्ते ना! अप्पाचा सबूद मोडायलीस? कामून पोरीच्या जिवावर उठलीस?"

चौथ्या दिवशी मंगलची छाती दुखायची थांबली. सहाव्या दिवशी रेवू रडायची थांबली.

"गुन आला," पद्माबाई म्हणाली आणि तिनं अप्पापुढं नारळ फोडला.

नवव्या सकाळी मराठी शाळेच्या कुसुमताई आल्या. हातात किराणा दुकानाचा तराजू. त्यांनी आदल्या दिवशी चिटगुप्प्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठून सगळं विचारून घेतलं होतं.

"अप्पा, आज दोन आरत्या म्हणू. पहिली सशीण आत न सोडता, दुसरी सोडून. दर आरतीआधी आणि नंतर पिल्लं तोलू."

"द्येवाला तोलतीस?" अप्पाचे डोळे लाल झाले.

"देवाला नाही, पिल्लांना. देवाची करणी असेल, तर तराजूला तुमची हरकत नसावी."

लोक हसले. बिराप्पालाही चेव चढला. "तोला की! आमच्या अप्पाला कशाचं भ्या?"

सहा पिल्लं टोपलीसकट पारड्यात ठेवली. आरती झाली, घसा फोडून झाली, घंटा बडवून झाली. काटा जागचा हलला नाही. मग सशीण आत सोडली. या वेळी कुसुमताईंनी फडकं टाकू दिलं नाही, डोळेही मिटू दिले नाहीत. सशीण पिल्लांवर उभी राहिली. सहाही पिल्लं उताणी होऊन तिच्या पोटाला लागली. चुटूचुटू आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. चार मिनिटांत ती उडी मारून बाहेर. पुन्हा तोललं, तर दुसऱ्या पारड्यात शंभराचं आणि पन्नासाचं वजन जास्त टाकावं लागलं.

"हे दीडशे ग्रॅम दूध," कुसुमताई म्हणाल्या. "सशीण दिवसातून एकदाच पाजते, पण तिचं दूध सायीसारखं दाट. कुत्र्या-मुंगसाला वासावरून घरटं सापडू नये म्हणून ती दिवसभर लांब बसते. लव उपटते ती पिल्लांना ऊब द्यायला. ही बाधा नाही, हे आईपण आहे. ससे पाळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. अप्पा, कुठं होतात कामाला?"

अप्पानं घड्याळात पाहिलं.

पद्माबाई गर्दीतून पुढं आली. "बाई... आन् मानसाचं दूध?"

"माणसाचं पातळ. तान्ह्याला दिवसरात्र मागेल तेव्हा पाजावं लागतं. का हो?"

पद्माबाई आत धावली. रेवूचे ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. कापडवाल्यानं जीप काढली. बसवकल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शिकस्त केली. तिसऱ्या दिवशी रेवू गेली.

तिप्पण्णा त्याच गर्दीत पसार झाला होता. महिन्याभरात अफजलपूरकडून बातमी आली, तिकडं एक बाबा आलाय, त्याच्याकडंही एक पांढरी सशीण आहे. आणि वाडी काय म्हणाली? बिराप्पा म्हणाला, "द्येवाला तराजूत घातलं, द्येव कोपला. म्हनून पोर गेली." माना डोलल्या. कुसुमताईंनी घरोघरी जाऊन समजावलं. लोकांनी चहा दिला, हो हो म्हटलं आणि पाठ फिरताच शाळेतून चार पोरं काढून घेतली.

पद्माबाईनं मात्र कुसुमताईंनी सांगितलं तसं सगळं केलं. पिल्लांची पेटी सशिणीच्या पिंजऱ्यात ठेवली, तिच्यापुढचं पाणी कधी आटू दिलं नाही, हिरवा चारा आणि भिजवलेले हरभरे घातले. पाचव्या आठवड्यात दूध तोडायचं झालं, तेव्हा पिल्लांना ओळखीच्या पिंजऱ्यातच ठेवून आईला हलवलं, म्हणजे पिल्लं बावरत नाहीत. आधी दिवसापुरतं, मग कायमचं. एकही दगावलं नाही.

मंगल उंबऱ्यात उभी राहून पिंजऱ्याकडं बघत होती.

"सहाच्या सहा जगली व्हय, आत्याबाई?"

दुसऱ्या दिवशी मंगल योगीराजकडं हैदराबादला निघून गेली. ती परत आली नाही.

अजूनही त्या अंगणात बाया येतात, पदराखाली तान्हं, मुठीत नारळ. अंगारा मागतात. पद्माबाई त्यांच्यापुढं तसाच एक तराजू ठेवते. तिच्याकडं दुसरं काही नाही.

"अंगारा न्हाई बाय. देव मान नायतर नगं मानू, पन डोळं उघडं ठिव, तोलून बग, शिकल्या मानसाला इचार. लेकरू रडलं की पाज. आन् रडायचं थांबलं, तर गुन आला म्हनू नगं. दवाखान्याला पळ."

परवा आलेल्या पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं, पाया पडली आणि हळूच विचारलं, "मावशी, अफजलपूरची गाडी कुठं थांबती?"