रेंजचा दगड

मी दगड बोलतोय. थांबा, हात जोडू नका! देव नाही मी. एकदा झालो होतो थोडे दिवस, पण फार महागात पडलं.

पेठकडच्या डोंगरात, पाड्याच्या वरच्या चढावर मी पडून असतो. पूर्वी बकऱ्या अंगावर चढायच्या, पोरं माझ्यावर बसून करवंदं खायची, एवढंच काय ते आयुष्य. मग दोन हजार सालानंतर मोबाइल आले आणि माझं नशीब उघडलं. अख्ख्या डोंगरात रेंज यायची ती फक्त माझ्या डोक्यावर उभं राहिलं की! खाली उतरलं की गायब. असं का, ते मला विचारू नका बुवा.

हे शोधून काढलं भागीबाईनं. तिची लेक ललिता आणि जावई सोमा द्राक्षाच्या कामाला निफाडला गेलेले. जाताना सोमानं सासूच्या हातात एक जुना मोबाइल ठेवला. दर बाजाराच्या दिवशी दुपारी फोन करायचा, असं ठरलं. पण डोंगरावर दगड काय थोडे आहेत? एकदा बिचारी भलत्याच दगडावर उन्हात उभी राहिली आणि फोन चुकला. मग तिनं गेरू कालवून आणला आणि माझ्यावर ठसठशीत लाल गोल काढला.

झालं! लाल दगड दिसला की आपल्या माणसांचे हात आपोआप जोडले जातात. वाटेनं जाणाऱ्या कुणी फूल ठेवलं, कुणी शेंदूर फासला. पाड्यातले वडीलधारे पुंजारामबाबा नारळ फोडून गेले आणि बजावून गेले, आता याला कुणी पाय लावायचा नाही. खरं सांगतो, आधी मी जरा फुगलोच होतो.

पण बाजाराचा दिवस आला. ललिताचे दिवस भरलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण काम सुटेना म्हणून पोर तिकडेच राहिली होती. भागीबाई मोबाइल घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. टाचा उंचावल्या, हात ताणला, पण रेंजची एक दांडी दिसेल तर शपथ. देवाला पाय कसा लावायचा? तिचे डोळे भरून आले. मला तर माझा शेंदूर खरवडून टाकावासा वाटला.

खोबऱ्याचे कण घेऊन मुंग्यांची रांग माझ्या अंगावरून चालली होती. भागीबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला.

"देवा, यांचे पाय तुला चालत्यात, तर माझेबी चालतील," म्हणाली आणि चढली.

थोड्याच वेळात फोन वाजला. सोमा होता. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. भागीबाई हसतही होती आणि रडतही होती. तेवढ्यात पुंजारामबाबा तणतणत वर आले. त्यांचा मुलगा मनोजही निफाडलाच कामाला होता आणि आत्ता सोमाच्या शेजारीच उभा होता.

"तुमचा मनोज बोलतोय. वर या बाबा, हितंच ऐकू येतंय," भागीबाई माझ्यावरूनच म्हणाली.

बाबा घुटमळले. मग चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि चढले!

दुसऱ्या दिवशी भागीबाईनं मला स्वच्छ धुतलं. लग्नघराच्या भिंतीवर काढतात तसं तांदळाच्या पिठानं चित्र काढलं. एका टोकाला द्राक्षाचा वेल, दुसऱ्या टोकाला कानाशी मोबाइल धरून उभी बाई, आणि वेलापासून बाईच्या कानापर्यंत मुंग्यांची रांग.

बाबांनी विचारलं, ह्या मुंग्या कसल्या?

"मुंग्या नाय, बाबा. ललिताचा आवाज हाय. निफाडवरून असा येतो."

बाबांनी त्या रांगेच्या कडेनं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मनोजचाबी काढ."

आता समोरच्या डोंगरावर टॉवर आहे, घराघरात रेंज आहे. माझी गरज उरलेली नाही. तरी पावसानं चित्र धुतलं जातं आणि दिवाळीनंतर, माणसं कामाला निघाली की, भागीबाई नातीला घेऊन ते पुन्हा काढते. जाणाऱ्या प्रत्येकाची एक रांग. माझ्या अंगावर आता जागा कमी पडते.

कधी या बाजूला आलात तर खुशाल माझ्यावर चढा, बसा, करवंदं खा. फक्त त्या रांगांवर पाय देऊ नका. कुणाची तरी लेक बोलत असते.