एकाच लहरीचा डबा

मी एक जुना बिनतारी संच आहे, मित्रांनो. झाकणावरची बिस्किटांची चित्रं पाहून हसू नका. माझं घर तेच. पोटातले बरेचसे भाग एका मोडक्या टेपरेकॉर्डरचे. मोर्सच्या ठिपक्या-रेघांत संदेश टकटकवायची कळ करवतीच्या तुटक्या पात्याची. हे सगळं भंगारातून वेचून मला जोडलं ते आत्यानं. ती आपल्या दुकानात लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून देते. बिनतारी संच चालवायच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यासही तिनं शिलाई मशीनवर पाय चालवतच केला.

माझ्यात स्फटिकाचा एकच तुकडा आहे. त्याची जी लहर, तीच माझी. दुसरी मला येत नाही, म्हणून लहर बदलायला अंगावर फिरवायची खुंटीच नाही. कान मात्र ढगळ. थोडं अलीकडचं, थोडं पलीकडचंही ऐकू येतं. कळ दाबली की माझा सूर घसरतो आणि चिवचिव निघते. आत्याला त्याची लाज वाटायची.

जहाजकाकांना वाटत नसे. ते दूरच्या गावी एकटे राहतात. जन्मभर जहाजांवर संदेश पाठवायचं काम केलं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तेव्हापासून ते बोटांनीच बोलतात, तेही घरी जोडलेल्या यंत्रावर. रोज सकाळी, दुकानाची कडी काढण्याआधी, ते विचारायचे, "चिमणी उठली का?" मग आत्या सांगायची, काल कुणाच्या कोटाला बाही उलटी लागली ते. तो तिचा नेम होता. आणि मला विचाराल तर माझी पूजाच होती ती.

मग तिच्या भाचीला नोकरी लागली. पहिल्या पगारात तिनं आत्यासाठी नवा संच आणला.

"आत्या, किती दिवस या डब्यात डोकं घालणार? लोक म्हणतील, भाची कमावती झाली आणि आत्या अजून बिस्किटं शोधतेय!"

"अगं, कशाला एवढा खर्च!" असं म्हणता म्हणता आत्यानं खोकं उघडलंसुद्धा.

गच्चीवरची एरियलची तार माझ्यातून काढून नव्याला जोडली. काकांची लहर भाचीनं एका बटणात साठवून दिली. नव्याचे कान सुईच्या नेढ्याएवढे बारीक. नेमकं तेवढंच ऐकणार. मी इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर गेलो.

पहिले दोन दिवस आत्या देशोदेशीचे आवाज ऐकण्यात इतकी रंगली की नेम मोडला. तिसऱ्या दिवशी, थंडी सुरू झाली त्या सकाळी, तिनं काकांचं बटण दाबलं. शांतता. तिनं हाक दिली. पुन्हा शांतता.

"रागावलेत गं ते," ती भाचीला म्हणाली. "दोन दिवस मी फिरकलेच नाही ना."

"अगं, लहान आहेत का ते रुसायला?"

"रुसू नये तर काय करावं? त्यांना दुसरं आहे कोण बोलायला?"

आणखी काही सकाळी तिनं हाका मारल्या. मग शरमेनं तेही सोडलं. बटण दाबायची, कान लावायची, मान खाली घालून दुकान उघडायची. मी फळीवरून बघत होतो. खरं सांगू? नव्याला काका ऐकू येत नाहीत, याचा मला आत कुठेतरी आनंद झाला होता. आत्याच्या खाली गेलेल्या मानेपुढे तो आनंद फार वेळ टिकला नाही.

थंडी वाढली तशी भाची मला खाली काढून म्हणाली, "यातलं काढून टाकते. रिळं ठेवायला छान आहे डबा."

"थांब. निदान एकदा सुरू करून तरी बघू दे त्याला," आत्या म्हणाली.

तार पुन्हा माझ्यात आली. आणि माझ्या ढगळ कानांत, एका बाजूला, बारीक आवाजात काका! आत्याच्या नावानं हाक मारत होते. हाक मारून थांबायचे, ती बोलेल तेवढा वेळ थांबायचे, मग पुन्हा हाक.

आत्यानं झटकन कळ दाबली. माझी चिवचिव निघाली.

"चिमणी!" पलीकडून आलं. "तू हाका मारायचीस तेव्हा मी ओ देत होतो गं. तुला पोचेना. घसा गेलाच होता, वाटलं आता बोटंही गेली."

आत्यानं तोंडाला पदर लावला. भाचीनं घाईघाईनं नव्या संचाची गोल खुंटी फिरवली. केसभर बाजूला काका तिथेही होते. थंडीनं त्यांच्या घरगुती यंत्राची लहर सरकली होती, एवढंच.

"एवढं साधं मला कळू नये?" आत्या रडत म्हणाली.

कसं कळणार? ती इतकी वर्षं माझ्यापाशी बसली, आणि मला खुंटीच नाही. काका सरकले तरी माझे कान सांभाळून घ्यायचे. शोधावं लागतं, हे मी तिला कधी जाणवूच दिलं नाही. बोच आहे ती हीच.

आता तार पुन्हा नव्याकडे आहे आणि ते योग्यच आहे. आत्या रोज सकाळी खुंटी आधी अलीकडे, मग पलीकडे फिरवते. रिळांना दुसरा डबा मिळाला. मित्रांनो, मला पुसून ठेवलंत तर बरं वाटेल, पण मागणं त्यासाठी नाही. तुमचं कुणी अचानक गप्प झालं, तर ते रागावलं असं ठरवून मान खाली घालू नका. जरा अलीकडे, जरा पलीकडे शोधा. कदाचित ते तिथेच असेल, ओ देत.