वाकड्या हातातला दिवा

मी एक जुनी करवत आहे. दचकू नका मित्रांनो, झाडं पाडणारी करवत मी नव्हे. माझं पातं दोऱ्यासारखं बारीक आहे आणि माझा थाट शिवणयंत्रासारखा. खाली पायडल, वर लोखंडाचे दोन लांब हात आणि त्या हातांच्या मध्ये ताणून धरलेलं पातं. पाय हलला की पातं वरखाली होतं. मी एकाच जागी असते. फिरतं ते लाकूड, आणि लाकूड फिरवणारे हात चांगले असले तर त्यातून हरणं, तारे, देवदूत बाहेर येतात. मी त्यांना घडवलं असं मी कधी म्हणत नाही. ते लाकडात असतातच. आम्ही त्यांच्याभोवतीचं नको ते काढून टाकतो, एवढंच.

जर्मनीतल्या केम्निट्स शहरात, एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथून घोडागाडीने मला या डोंगरात आणलं ते माझ्या मालकाच्या, गोटहोल्ड उलिगच्या वडिलांनी. इथल्या खाणीतली चांदी संपत आली होती, आणि ज्यांना जमिनीखाली काम उरलं नाही त्यांनी लाकूड हाती धरलं. वडिलांमागे मी गोटहोल्डकडे आले. तोही तरुणपणी खाणीत उतरला होता. तिथली धूळ त्याच्या छातीत कायमची राहिली. पायडलवर पाय ठेवण्याआधी तो टोपी काढून पुटपुटत प्रार्थना करायचा. संध्याकाळी त्याची बायको लिडी तेलाच्या फडक्याने मला पुसायची. देवापुढची समई पुसावी तसा तिचा तो नेम होता. आजारपणातही चुकला नाही.

ते दिवस चांगले होते. मी कापायचं, लिडीने काचकागदाने घासायचं, रंगवायचं आणि शनिवारी चर्चपुढच्या चौकातल्या बाजारात मांडायचं. हातगाडीवर मलाही न्यायचे. करवत चालताना दिसली की माणसं थांबतात आणि थांबलेलं माणूस काहीतरी घेतं, असं लिडीचं मत होतं. मुलं तर माझ्यापुढून हलायची नाहीत. भुशाचा वास नाकात भरून घ्यायची.

आमच्या डोंगरात एक रीत आहे. नाताळच्या आधी चार आठवड्यांचा वाट पाहण्याचा काळ असतो. तो सुरू होतो त्याच्या आदल्या संध्याकाळी, चर्चची घंटा झाली की, घरोघरी खिडकीत दिवे लागतात. ज्या घरात मुलगी असेल तिथे लाकडाचा देवदूत, मुलगा असेल तर खाणकामगार. दोघांच्याही दोन्ही हातांत मेणबत्त्या. रस्त्याने जाणारा माणूस दिवे मोजतो आणि घरात किती लेकरं ते त्याला कळतं. कोणाला विचारावं लागत नाही.

हेडा जन्मली तेव्हा गोटहोल्डने माझ्यावर देवदूत कापला. योस्ट जन्मला तेव्हा खाणकामगार. हेडा शाळेत जायच्या आतच तापाने गेली. तरी तिचा देवदूत खिडकीतून हलला नाही. लिडी म्हणाली, देवाने बोलावलं म्हणून ती काय आपल्या मोजणीतून गेली? त्या वर्षी मेणबत्ती लावताना गोटहोल्डच्या हाताला चटका बसला, तरी ती पेटल्यावरच त्याने हात मागे घेतला.

मग देशाच्या मधली भिंत पडली. योस्ट ज्या खेळण्यांच्या कारखान्यात होता तो बंद झाला. तो पश्चिमेकडे मोटारींच्या कारखान्यात जायला निघाला. गोटहोल्डला वाटत होतं, पोरगा माझ्यापाशी बसेल, तिसरी पिढी होईल. दारात शब्दाला शब्द लागला. गोटहोल्ड म्हणाला, "जायचं तर जा. मग खिडकीत तुझा दिवा आहे की नाही, हे बघायला येऊ नकोस."

योस्ट आला नाही. वर्षांमागून वर्षं गेली. लिडी दर नाताळला बेदाण्यांचा गोड पाव पाठवायची आणि शेजारच्या टेलिफोनवरून सांगायची, तुझा खाणकामगार उभा आहे रे खिडकीत, बापाने स्वतः ठेवलाय. तो हूं म्हणायचा. त्याला खरं वाटत होतं की नाही, देव जाणे.

इकडे बाजार बदलला. शेजारच्या दुकानात एक हसतमुख तरुण खोक्यांतून खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या लाकडी कमानी काढून मांडू लागला. यंत्रावर कापलेल्या, विजेच्या, स्वस्त. लोक आमच्याकडची कमान उचलत, मागची किंमत बघत आणि म्हणत, पलीकडे अशीच निम्म्या पैशात आहे. गोटहोल्ड म्हणायचा, "मग तीच घ्या. तीही पेटते." भांडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. माझ्यातही नव्हतं. माझे सांधे कुरकुरत होते. त्याचे हात थरथरत होते. पातं तुटलं की नवीन लावायला त्याला एवढा वेळ लागायचा की थांबलेली मुलं निघून जायची.

मला सांगायचं आहे ते अशाच एका वर्षाचं.

दिवे लागायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, खिडकीत मांडून ठेवण्यासाठी माळ्यावरून खाणकामगार काढताना तो गोटहोल्डच्या हातून निसटला. उजवा हात दंडापासून मोडला, बारीक चुरा झाला. जोडण्यासारखा राहिलाच नाही. लिडीने सांगून पाहिलं, असाच ठेव, एका हातातला एक दिवा लावू. म्हातारा ऐकेना. माझा मुलगा मी लुळा करून खिडकीत उभा करणार नाही, म्हणाला. नवा हात कापून लावतो, मग ठेवू. देवदूत तेवढा खिडकीत ठेवला आणि खाणकामगार फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माझ्याबरोबर हातगाडीवर चढवला. बाजारात गिऱ्हाईक नसेल तेव्हा हात कापू, असा बेत. गिऱ्हाईक नसणारच होतं.

सकाळभर तो कापत राहिला. हात करंगळीपेक्षा बारीक, पुढे मेणबत्तीची वाटी. लाकडाच्या रेषा हाताच्या लांबीने धराव्या लागतात, नाहीतर तो मनगटाशी मोडतो. गोटहोल्डला हे झोपेतही ठाऊक होतं. पण वळणावर येताच त्याला धाप लागायची, लाकूड थरथरायचं आणि पातं भलतीकडे शिरायचं. एक हात फुकट, दुसरा फुकट. माझ्याखाली लुळ्या हातांचा ढीग झाला. मध्येच केसाळ टोपीतल्या एका बाईंनी खाणकामगार उचलला, किती म्हणून विचारलं.

"तो विकायचा नाही," गोटहोल्ड म्हणाला.

"मग मांडलाय कशाला?"

"मांडला नाही. आजारी आहे, म्हणून जवळ ठेवलाय."

बाई हसल्या आणि पलीकडच्या दुकानात गेल्या.

दुपारी पाववाली एर्ना हात पुसत लिडीकडे आली. तिची बहीण स्टेशनाजवळ खाणावळ चालवते, वर दोन खोल्या आहेत. एर्नाने आवाज उतरवून सांगितलं की काल संध्याकाळी योस्ट गाडीतून उतरला. आधी तुमच्याच गल्लीत गेला होता, बॅग खांद्याला होती. मग परत येऊन बहिणीकडे खोली घेतली, जेवला नाही. आज सकाळी बॅग घेऊनच बाहेर पडलाय. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आहे म्हणे. "दारापर्यंत येऊन फिरला गं," एर्ना म्हणाली. "काय झालं?"

काय झालं ते लिडीला त्याच क्षणी कळलं. मलाही कळलं. खिडकीत देवदूत एकटाच होता. मेलेल्या बहिणीचा दिवा मांडलेला आणि जिवंत भावाचा नाही. परक्या गावच्या माणसाने दार वाजवलं असतं. आमच्या डोंगरातला माणूस खिडकी वाचतो आणि परत फिरतो.

लिडी खाली दुकानाच्या फळीवर बसली. तिथूनच म्हणाली, "म्हाताऱ्या, काल एका हाताचा ठेवला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

 गोटहोल्डने हातातला लाकडाचा तुकडा उलटा केला, सुलटा केला.

"जाते मी. शोधते त्याला."

"कुठे शोधशील? तो वर दफनभूमीत हेडाकडे गेला असेल. ती चढण तुझ्या गुडघ्यांना झेपायची नाही, आणि तिथून स्टेशनाला यायला आपल्या खिडकीखालूनच वाट आहे." तो श्वास घ्यायला थांबला. "तू फाटकात उभी राहून हजार गोष्टी सांग. तो बघणार खिडकीकडे. मी दारात जे बोललो ते तो विसरला नाही. मीही नाही."

त्याने पुन्हा पायडलवर पाय ठेवला. पातं शेवटचं होतं आणि चांगल्या लिंडन लाकडाचा तुकडाही शेवटचा. लिडीने बघितलं. मग उठली, त्याचा पाय तिने आपल्या बुटाने हळूच बाजूला सारला आणि स्वतःचा पाय पायडलवर ठेवला.

"हे काय?"

"तुझे हात नाही थरथरत," ती म्हणाली. "पाय मारून तुला धाप लागते आणि ती धाप हातात उतरते. इतकी वर्षं घासतेय मी तुझं काम, मला कळतं कुठे हललास ते. तू नुसतं लाकूड धर."

माझ्या पायडलवर तिचा पाय कधी पडला नव्हता. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण पाय ओळखते. तिचा पाय संथ होता, रोज फडकं फिरवणाऱ्या हातासारखा. मी माझी सगळी कुरकुर आवरून धरली. पातं वरखाली होऊ लागलं. वळण आलं. गोटहोल्डने श्वास रोखला, लिडीने पाय हळू केला, आणि लाकूड फिरलं. मनगटाशी जरा तिरकं गेलं. तुटलं मात्र नाही.

शेजारचा तरुण आपलं दुकान सोडून बघत उभा होता. त्याने सरसाचं भांडं आपल्या शेगडीवर गरम करून आणून दिलं.

उजेड जायला लागला होता. नवा हात खांद्याला दोऱ्याने बांधून, सरस वाळायच्या आधीच ते निघाले. विकलं काहीच गेलं नव्हतं, त्यामुळे गाडी जड होती. चढावर गोटहोल्ड तीनदा थांबला. तिसऱ्यांदा लिडी म्हणाली, गाडी इथेच सोड. तो म्हणाला, करवत रस्त्यावर टाकून कसं चालेल. अंगणात पोचताच मात्र त्यांनी मला दाराजवळ तशीच सोडली आणि खाणकामगार छातीशी धरून दोघं आत गेली. घंटा वाजायला लागली होती.

मी अंगणातून खिडकी बघत होते. आधी देवदूत उजळला. मग बराच वेळ काहीच नाही. आत काडी ओढल्याचा, विझल्याचा आवाज. गल्लीतल्या सगळ्या घरांचे दिवे लागले होते, बर्फाची भुरभुर सुरू झाली होती, आणि वरच्या वाटेने एक माणूस खाली येत होता. खांद्याला बॅग होती. मान खाली होती. घरांकडे बघायचंच नाही असं ठरवून तो चालला होता.

तेवढ्यात खाणकामगाराचा डावा दिवा लागला. मग उजवा.

माणूस आमच्या फाटकाशी आला आणि त्याने मान वर केली. बघायचं नाही ठरवलं तरी आमच्याकडचा माणूस मोजतोच. तो उभा राहिला. खाली दरीत गाडीने शिट्टी दिली, तरी उभा राहिला. मग फाटक वाजलं. माझ्याजवळून जाताना त्याने माझ्या थंड हातावर तळवा ठेवला, लहानपणी ठेवायचा तसाच.

दार गोटहोल्डने उघडलं.  बाप म्हणाला, "हात वाकडा झालाय जरा."

"दिसलं," योस्ट म्हणाला. "दिवा सरळ आहे."

लिडीने त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि दार लागलं.

त्या रात्री मला आत न्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तेलाचं फडकं फिरलं नाही. लिडीचा तो नेम तेवढा एकदाच मोडला. बर्फ माझ्यावर साचत राहिला आणि सकाळी माझ्या वरच्या हातावर गंजाचा लाल डाग उठला होता.

आता गोटहोल्ड नाही. मीही चालत नाही, माझा सांधा कायमचा धरला आहे. लिडीच्या घरात जिन्याखाली उभी असते आणि दमलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळावी तसं मला ते बरं वाटतं. योस्ट दरवर्षी दिव्यांच्या आधी येतो. खाणकामगाराचा हात अजून वाकडाच आहे. कोणी बदलला नाही.

मित्रांनो, थकलेल्या करवतीचं एक मागणं आहे. घरातलं काही मोडलं तर टाकू नका, दुरुस्त करा, जपा. पण दुरुस्तीला नेताना त्याची जागा रिकामी ठेवू नका. मोडकं आहे तर मोडकं राहू द्या तिथे, एक दिवा लावा. रस्त्याने कोण आपला दिवा मोजत येतंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

आणि मला पुसायला कधी आलात तर सगळं अंग पुसा, एक जागा सोडून. गेल्या वर्षी योस्ट काचकागद घेऊन माझ्या वरच्या हातावरचा गंज घासायला बसला होता. लिडीने त्याच्या हातून कागद काढून घेतला.

"तो डाग राहू दे," ती म्हणाली. "तो तू आलास त्या रात्रीचा आहे."